काकूच्या भिंतीमागचा कंद

जमिनीत गेलेली वस्तू संपली, असं तुम्हाला कोणी सांगितलं?

मी पत्रकांवर वाढले. माझे वडील जंगल हक्काची आणि दारूबंदीची पत्रकं घेऊन सायकलवर गावोगाव फिरायचे. उरलेल्या गठ्ठ्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. त्या पत्रकांत सगळं जमिनीच्या वर घडायचं: अन्याय, मोर्चा, लढा. मातीच्या आत काय चालतं याबद्दल एक ओळ नसायची. ते मी काकूच्या सांदवाडीत पाहिलं. घरामागच्या कुंपणातल्या जागेला आम्ही झाडीपट्टीतले लोक सांदवाडी म्हणतो.

काकू म्हणजे वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमच्या दोन घरांना मागून एकच सलग कुडाची भिंत. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, धान कापून झाल्यावर, काकाने जंगलातून एक रानकंद खणून आणला. हातभर लांब, अंगावर केस, आत पांढरा आणि चिकट. आमच्याकडे एक रीत आहे. कंद खणला की त्याचं डोकं, म्हणजे वेल जिथे जोडलेली असते तो मुठीएवढा तुकडा, कापून त्याच खड्ड्यात परत पुरायचा. रानाचं रानात राहतं, पुढच्या वर्षी पुन्हा मिळतं. पण काकू दरवर्षी कंदासाठी डोंगर चढून कंटाळली होती. "एखांदा घराजोळ लाव ना," ती त्याला म्हणाली होती. म्हणून त्याने डोकं घरी आणलं आणि सांदवाडीत भिंतीला लागून पुरलं.

दुसऱ्या दिवशी तो बांबू तोडायला गेला आणि परत आला नाही.

कोणी म्हणालं वाघाने नेला. कोणी म्हणालं जंगलातल्या बंदूकवाल्यांनी नेला, कोणी म्हणालं पोलिसांनी. एकाने तर नदीपलीकडे आंध्रात त्याला दुसरं घर मांडून दिलं. आजीचं म्हणणं वेगळंच होतं. "रानाचं डोस्कं घरी आनलं," ती म्हणायची, "रानानं बदल्यात मानूस ठेवून घेतला." ती हे काकूसमोरच म्हणायची.

पावसाळ्यात भिंतीपाशी वेल उगवली. लालसर कोंब, बोटासारखा वाकलेला. तो कुडावर चढला, खिडकीच्या काडीला वळसा घालून दाराकडे गेला. दरवर्षी तो दाराकडेच जायचा. काकू त्याला तोडायची नाही, फक्त हाताने बाजूला करायची, दारात उभ्या माणसाला वाट मागावी तशी. हिवाळ्यात वेल वाळायची, पण कंद ती खणू द्यायची नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी तिथली जमीन फुगली. मग तडे गेले. कुडाचा खालचा भाग आत ढकलला गेला आणि भिंतीची माती आमच्या बाजूला गळू लागली. मी त्याच भिंतीला पाठ लावून अभ्यास करायचे. पलीकडे कोणीतरी कूस बदलतंय असं वाटून मी पाठ काढून घ्यायचे.

"तो वाढून राह्यला," काकू त्या फुगवट्यावर तळहात ठेवून म्हणायची. कंदाबद्दल म्हणते की काकाबद्दल, हे आम्ही विचारत नव्हतो.

पुढे मी तालुक्याच्या गावी सायन्सला गेले. सरांनी एक दिवस गाजर, बीट आणि मुळा आडवे कापून ठेवले. मूळ आधी बारीक असतं, ते म्हणाले, त्याला फक्त पाणी शोधायचं असतं. मग पानं उन्हात साखर तयार करतात आणि खाली पाठवतात. मुळाच्या आत पेशींचा एक पातळ थर असतो, तो आतल्या बाजूला आणि बाहेरच्या बाजूला नव्या पेशी घालत जातो. त्यांत साठा भरतो आणि मूळ जाड होतं. बीटमध्ये असे थर एकाबाहेर एक तयार होतात, म्हणून त्यात कडी दिसतात. हा साठा आपल्यासाठी नसतो. तो त्या झाडाच्या फुलासाठी असतो. मुळा उपटला नाही तर तो फुलावर येतो, आणि आतून पोकळ होत जातो.

मी रानकंदाचं विचारलं. ते म्हणाले, तो मूळ नाही, खोडाच्या जातीचा. आणि त्याच्यासारखे बरेच कंद वर्षानुवर्षं तेच राहत नाहीत. पावसाळ्यात जुना कंद स्वतःला रिकामं करून वेल वर पाठवतो. वेलीच्या बुडाशी, जुन्याला खेटून, नवा धरतो. वेल वाळेपर्यंत जुन्याची नुसती साल उरते.

बसमध्ये घरापर्यंत माझ्या डोक्यात एवढंच होतं. भिंतीमागे काकाच्या हाताचं काहीच उरलेलं नसणार.

त्याच हिवाळ्यात बारा वर्षं भरली. बेपत्ता माणसाची इतकी वाट पाहून झाली की आमच्यात पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि दिवस करतात. मग बाईचं कुंकू पुसतात. आजोबांनी पळसाची पानं आणून ओसरीवर ठेवली होती. सगळं घर जमलं होतं. काकू उंबरठ्यावर बसली होती, हातात हिरव्या बांगड्या.

"मामाजी, मी नाई करू देत," ती आजोबांना म्हणाली. "भितीमागं तो जित्ता हाये. दरसाली मोठा होते."

थोरली काकू, तिची मोठी जाऊ, हसली. "काय वं, नवरा हाये का कांदा? उकडून खाशील एखांद्या दिवशी."

दोघी-तिघी हसल्या. आजोबा हसले नाहीत. ते सुनेशी मऊ आवाजात बोलले, "बाई, त्याचा जीव मोकळा नाई होऊन राह्यला. मले सपनात दिसते. जाऊ दे त्याले."

वडील गप्प होते. गावोगाव बोलणारा माणूस स्वतःच्या ओसरीवर गप्प होता, याचा मला संताप आला. खरं असेल ते तोंडावर सांगावं, हे मी त्यांच्याच कागदांतून शिकले होते. मी सांगितलं.

"काकू, तो कंद तो नव्हे. दरवर्षी जुना मरतो आणि नवा येतो. काकानं पुरलेलं केव्हाच संपलं."

काकूने माझ्याकडे पाहिलं. मग उठली, कोपऱ्यातली लोखंडी सब्बल उचलली आणि मागे गेली. बारा वर्षं जिथे कोणाला पाय ठेवू दिला नाही, तिथे तिने स्वतः खणायला सुरुवात केली. आम्ही कुंपणापाशी उभे राहिलो. भिंतीचा एक पोपडा सुटून खड्ड्यात पडला.

कंद निघाला. मांडीएवढा, वाकडा, भिंतीखाली घुसलेला. आणि त्याला चिकटून, मोज्यासारखी चपटी झालेली काळी साल. गेल्या वर्षीचा कंद. काकूने ती बोटांत धरली. ती आतून पूर्ण रिकामी होती. त्या आधीच्या वर्षांचं तर काहीच नव्हतं, माती होती.

"खरं हाये तुह्यं," ती मला म्हणाली. "तो नाई हा."

आजोबांनी डोळे मिटले. त्यांना वाटलं, झालं. पण काकूने विळ्याने कंदाचं डोकं कापलं, खड्ड्यात ठेवलं आणि वर माती लोटली. मग मातीच्या हातांनी आजोबांसमोर उभी राहिली.

"इतके साल मी बसून राह्यली. हा तर एक साल नाई बसला, मामाजी. आपला जुना जीव खर्चून दरसाली वर येऊन पाहे. मी उंबरा नाई ओलांडला. तो कुठी हाये मून कोनाले एक डाव नाई पुसलं. तुमी तरी कोनी पुसलं का?"

कोणीच विचारलं नव्हतं. वाघाचा माग कोणी काढला नव्हता, ठाण्यात कोणी गेलं नव्हतं, नदीपलीकडे कोणी पाहून आलं नव्हतं. आमच्याकडे कारणं होती, म्हणून चौकशीची गरज पडली नव्हती.

"पुसून येऊ द्या," ती म्हणाली. "मंग जाळा पुतळा."

पळसाची पानं ओसरीवर वाळून गेली. सकाळच्या गडचिरोलीच्या बसमध्ये काकू बसली आणि तिच्या शेजारी माझे वडील, यावेळी पत्रकांशिवाय. त्यानंतर ती खूप दारांत उभी राहिली. उत्तर अजून आलेलं नाही. बांगड्या आहेत. भिंत आम्ही दोनदा लिंपली, ती पुन्हा त्याच जागी फुगते. मी घरी गेले की अजूनही तिला पाठ लावत नाही.

आता तुमच्याकडे मागणं. तुमच्या गावात अशी एखादी बाई असेल, जिचा माणूस गेला आणि आला नाही. तिला दिवस कधी करणार हे विचारू नका. तो शेवटचा कोणाला दिसला, ते विचारा. आणि ती चौकशीला निघाली, तर तिच्यासोबत बसमध्ये बसा.