बाईंच्या ओसरीवर बसायला शिकलो

बायको गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे बारा छोट्या गोल गाद्यांचं काम आलं. वाशीममध्ये माझं गादीचं दुकान आहे. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, दोऱ्याने टाके घालायचे. वडीलही हेच करायचे. काम देणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सकाळी आपल्या ओसरीवर त्या लोकांना ध्यान शिकवत आणि बसायला त्यांना गाद्या हव्या होत्या.

गाद्या घेऊन गेलो तेव्हा सात-आठ जण आलेले होते. बाई म्हणाल्या, "बसून पाहा भाऊ, उंची बराबर हाये का. आता आलेच आहा तं दहा मिनिटं आमच्यासंगं बसा."

नाही म्हणवलं नाही. बसलो, डोळे मिटले. बाई सांगू लागल्या, "काही करू नका. श्वास आत येते, बाहेर जाते. तेवढंच पाहा."

दोन श्वास पाहिले आणि उठलो. चपला घालून सरळ दुकानात आलो.

माझी बायको वीस वर्षं माझ्यासोबत पिंजायच्या मशीनवर होती. तोंडाला ओढणी बांधायची, तरी कापसाची धूळ नाकातोंडात जायचीच. आधी खोकला आला, मग दम लागायला लागला. शेवटचे चार महिने ती उशांना टेकून बसलेली असायची आणि तिच्या छातीतून शिटीसारखा आवाज यायचा. घरात पाऊल टाकलं की आधी तो आवाज कानावर यायचा. त्या चार महिन्यांत मी इतके श्वास पाहिले होते की आणखी पाहायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाई दुकानात आल्या. "काल काहून उठले, भाऊ?"

मी सांगितलं. त्या समोरच्या गादीवर टेकल्या. मग म्हणाल्या, "मंग श्वास राहू द्या. हात मांडीवर ठेवा आन् तळव्यांकडे ध्यान द्या. गरम वाटन, मुंग्या येतीन, जे होईन ते होऊ द्या. मन पळालं तं त्याच्यावर चिडू नका, पुन्हा हातावर आणा."

मी कशासाठी जायला लागलो, नीट सांगता येत नाही. सकाळी घर रिकामं असायचं, हेच कारण असेल. मोहल्ल्यातल्या एकाने विचारलंही, "चाचा, नमाज पुरत नाही काय तुम्हाले?" मी म्हटलं, "तिथं नुसतं बसतात बाबा."

पण नुसतं बसणंच जमेना. गुडघे दुखायचे, पाय बधिर व्हायचा. कुणाची गादी कधी द्यायची ते आठवायचं. मला वाटायचं, बाकी सगळ्यांना साधलंय, मीच तेवढा ढ. एके दिवशी शेजारचे गृहस्थ घोरायला लागले आणि मला हसू फुटलं. बाईही हसल्या. कित्येक महिन्यांत मी हसलो नव्हतो.

मग एका सकाळी मन तळव्यांवर जरा टिकलं, आणि ती दुपार समोर आली.

बायको आजारी असताना मी दुपारी घरी जेवायला जाणं सोडलं होतं. घर दुकानापासून पाच मिनिटांवर. तरी हॉटेलातून काहीबाही मागवून खायचो. त्या दुपारी तिचा फोन आला. शब्दाशब्दाला थांबत म्हणाली, "आज घरी या जेवायला." मी म्हटलं, "दुकानात गर्दी आहे." दुकानात कुणीच नव्हतं. मी गाद्यांच्या ढिगाला टेकून रस्ता बघत बसलो होतो. घरी तिच्या छातीतला तो आवाज ऐकत मला जेवताच येत नव्हतं. आठवड्याभरात ती गेली.

मी ओसरीवर मोठ्याने रडलो. सगळे गेल्यावर बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "याच्यावर माह्याजवळ औषध नाही, भाऊ. मले फक्त बसणं शिकवता येते. पोरीले सांगितलं काय?"

मुलगी आसेगावला दिलेली आहे. आईच्या शेवटच्या महिन्यात ती माहेरी येऊन राहिली होती. एसटीने तिच्याकडे गेलो. ती अंगणात मेथी निवडत होती. सगळं सांगितलं. घरी आम्ही आमच्या हिंदीत बोलतो, ती जे बोलली ते मराठीत सांगायचं तर असं: "तो फोन मीच लावून दिला होता, अब्बा. तुम्ही ठेवल्यावर अम्मी खूश झाली. म्हणाली, गर्दी आहे दुकानात, चांगलं झालं."

मी खाली पडलेल्या मेथीच्या काड्या गोळा करायला लागलो.

"हे मला कशाला सांगितलं?" असं म्हणून ती आत गेली. आतून तिचं रडणं ऐकू येत होतं. बऱ्याच वेळाने चहा आणून ठेवला, पण बसली नाही. निघालो तेव्हा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पिशवी राहिली तुमची." एवढंच.

महिनाभर तिचा फोन आला नाही. मग यायला लागला. आवाज पहिल्यासारखाच आहे, पण त्या गोष्टीवर आम्ही दोघंही बोलत नाही.

मी अजून बाईंकडे जातो. शांती मिळाली का, असं लोक विचारतात. नाही मिळाली. ती दुपार येतेच. आधी ती आली की उठून कामाला लागायचो, आता बसून राहतो. कधी पाच मिनिटं, कधी त्याहून कमी. श्वासाकडे मात्र अजून बघवत नाही, आणि बाईंनीही पुन्हा तसं सांगितलेलं नाही.