शाळेतलं गाऱ्हाणं
गुडघ्याला उंडीचं तेल चोळायला घेतलं, की त्या उग्र वासासरशी मला कट्टा गावची शाळा आठवते. पोलिओ झालेल्या मुलांच्या आईबापांना शहरातले एक डॉक्टर तिथे याच तेलाने पाय चोळायला शिकवणार होते, म्हणून आई मासळीची पाटी शेजारणीवर सोपवून पाय लुळा पडलेल्या धाकट्या भावाला आणि सोबत मला घेऊन गेली होती. सारवलेल्या वर्गात घोंगड्यांवर मुलं निजवली होती. चिंध्यांच्या बाहुलीचा पाय चोळून, वाकवून दाखवत डॉक्टर म्हणाले, "रोज दोनदा असं करा, पाय आखडणार नाही. पण गेलेली ताकद परत येणार नाही." मग नातीला घेऊन आलेला होडीवरचा एक म्हातारा तांडेल उठला आणि देवासमोर घालतात तसं त्याने डॉक्टरांनाच गाऱ्हाणं घातलं, "बा डाक्टर महाराजा, ही पोरां तुज्या पायाकडे इली आसत. आमचा काय चुकला आसात ता पोटात घाल, पन तेंका चलती कर." सगळे आईबाप एका सुरात म्हणाले, "व्हय महाराजा." डॉक्टर हातातल्या बाहुलीकडे बघत राहिले. इतक्या वर्षांनी त्या आवाजांतला एकच मला वेगळा ऐकू येतो, आईच्या मांडीवरून हात जोडून सगळ्यांत मोठ्याने ओरडलेल्या माझ्या भावाचा.