लाल दोऱ्याचे खण

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे पत्र्याच्या पेटीतले खण आवरणं. लग्नात, बारशात, दिवाळीला बायका एकमेकींच्या ओटीत झंपराचे खण घालतात, ते. आमच्यात ते कुणी शिवत नाही. आलेला खण पेटीत जातो आणि पुढच्या कार्यात दुसरीच्या ओटीत पडतो. काही खणांनी माझ्यापेक्षा जास्त गावं पाहिली असतील, आणि मी मेंढरांमागं अर्धा मराठवाडा तुडवलेला माणूस. ती प्रत्येक खणाच्या कोपऱ्याला रंगीत दोरा टाचत होती, मी घड्या घालत होतो.

"आवं, घडी घालताय का घोंगडं गुंडाळताय?" ती म्हणाली.

"कुणी शिवायचाच नाय, तर घडी कशाला?" मी म्हटलं. ती हसली. चौथ्या दिवशी तापानं गेली. दोरे कशाचे, हे विचारायचं राहून गेलं.

मी तिसरी शिकलेला माणूस. आधी मेंढरं राखली, मग वाळूजला कारखाने आले तेव्हा एका कारखान्याचं फाटक राखलं. मला देवाधर्माचं मोठं काही लिहिता येणार नाही, जे झालं ते लिहितो. तिच्या तेराव्यानंतर मी कोनाड्यातल्या खंडोबाला भंडारा वाहिला नाही. म्हटलं, तू तुझ्या कोनाड्यात, मी माझ्या बाजेवर. तुझं माझं बोलणं बंद. वर्षभर पडेगावच्या त्या घरात भांड्याशिवाय काही वाजलं नाही, आणि भांडीही मीच पाडायचो म्हणून.

वर्ष सरलं, दिवाळी आली. एकुलती लेक पुंडलिकनगरला दिलेली. दिवाळीला लेकीला माहेरी आणायला मुराळी जातो, आणि मुराळ्यानं रिकाम्या हातानं जायचं नसतं. त्यात माझी विहीण. दिलेला खण ती उजेडात धरून बघते आणि तोंड असं करते की विणणाऱ्यानं माग मोडून टाकावा. लग्नातला टॉवेल तोकडा निघाला, तर पहिल्या दिवाळीला तिनं लेकीला पाठवलीच नव्हती. आता पुन्हा नाही पाठवली, तर त्या घरात मी दिवाळीला कुणाचं तोंड बघायचं? लेक दोन दिवस यावी, एवढंच मला पाहिजे होतं. पण मागायचं कुणाकडं? वर बोलणं बंद होतं.

पेटी उघडली. लाल दोऱ्याचे खण सगळ्यात जास्त निघाले, अकरा. मी डोकं चालवलं. विहीण सगळ्यात अवघड, म्हणजे ही थप्पी तिच्यासाठीच काढून ठेवली असणार. वर एक नवं सुती लुगडं ठेवलं, गठुडं बांधलं.

नेमका त्या दिवशी बंद. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यावं म्हणून औरंगाबाद शहर तेव्हा तापलेलं. मी विद्यापीठ बाहेरूनच पाहिलेलं, पण एवढ्या शिकलेल्या माणसाचं नाव द्यायला अडचण काय, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं. बस नाही, रिक्षा नाही. शेजारी म्हणाले, "वस्तीवरनं जाऊ नगंस, दिवस बरे न्हाईत." सरळ वाट तीच होती. गठुडं डोक्यावर घेतलं आणि निघालो.

निळा झेंडा लावलेल्या वस्तीपाशी एका बाईनं हटकलं. माझ्याच वयाची, कमरेला पदर खोचलेला.

"ओ बाबा! गठुडं कुठलं? दुकान फोडलं का काय?"

"विहिणीकडं चाललोय, लेक आणायला."

"मंग तुमालाच कुणी लुटलेलं दिसतंय. या, पाणी प्या."

तिच्या दारात बसलो. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. माझं पागोटं बघून मी कोण ते तिला कळलं होतं, ती कोण ते मला. दोघांनीही विचारलं नाही. तिनं पाणी दिलं, गुळाचा चहा दिला. तेवढ्यात आतून तान्ह्याचं रडणं आलं. तिची लेक पहाटे बाळंत झाली होती, दिवस भरायच्या आधीच. तयारी काहीच नव्हती आणि दुकानं बंद. घरातलं एक जुनं लुगडं फाडून झालं होतं, दुसरं फाडायला ती निघाली होती. ते तिच्या अंगावरचंच होतं, आणि बदलायला दुसरं दिसत नव्हतं.

मी गठुडं सोडलं. हात माझेच होते, पण तो विचार माझा होता असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. खण वर्षानुवर्षं पेटीत पडून मऊ झालेले. अकराच्या अकरा दिले, लुगडंही दिलं.

"आवो बाबा, मंग विहिणीला काय?"

"तिला आता बाळुती लागत नाहीत."

बाई अशी हसली की आतलं पोर रडायचं थांबलं.

पुढच्या वळणापर्यंत मी राजा होतो. वळणावर विहिणीचं तोंड आठवलं. वर्षानं पहिल्यांदा वर बघितलं. म्हटलं, "खंडेराया, आपलं भांडण मिटलेलं नाही. पण आज तेवढी लेक दे."

विहीण दारातच उभी. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "व्याहीबुवा, आधीच सांगते, नावं ठेवू नका. तुमाला टॉवेल-टोपी आणायची व्हती, दुकानंच बंद. सकाळपासनं जीव वर-खाली व्हतोय, तुमी काय म्हणताल म्हणून."

मीही रिकामा आलोय म्हटलं, आणि का ते सांगितलं. ती म्हणाली, "बाळंतिणीला दूधदुभतं हाय का, विचारलं का?"

"नाय."

"गडीमाणसाला मेलं काय कळतंय! न्या लेकीला. चांगलं आठ दिवस ठेवून घ्या."

संध्याकाळी बंद उठल्यावर टांगा मिळाला. वाटेत लेकीला सगळं सांगितलं. ती दचकली. "आबा, लाल दोऱ्याचे? अवं, ते सगळे आमच्या सासूबाईंनीच दिलेले खण. कुणाचे कोणते ते कळावं म्हणून आई दोरा टाचायची. त्यांचे त्यांनाच परत जाऊ नयेत म्हणून!"

मी चालत्या टांग्यात उभा राहिलो. टांगेवाला ओरडला, "चाचा, बैठो! घोडा बिचकता है!"

बंद नसता, तर मी विहिणीच्या ओटीत तिचेच अकरा खण ओतले असते, आणि लेकीचं माहेर तिथंच संपलं असतं. हे कुणी केलं, यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच समजलं की, मी आणि विहीण इतकी वर्षं एकमेकांना कापड देत नव्हतो, धाक देत होतो. ज्याला खरंच पाहिजे होतं, त्याच्या दारात मला कुणीतरी नेऊन बसवलं आणि माझ्या मुठी उघडल्या. मूठ उघडायचं तेवढं आपलं काम. पुढचं तो बघतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारातली शेळी पिळली आणि तांब्याभर दूध घेऊन वस्तीवर गेलो. दूध काढून घेतल्यावर बाईनं तांब्या विसळला, आणि दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं द्यायचं म्हणून एकेक डबा उघडून बघू लागली. मी म्हटलं, "रिकामाच दे, माय." तांब्या बोटाला अडकवला आणि हलवत हलवत घरी आलो.