मांजराच्या वाटीतले दाणे

मुलांनो, परवा इथे घाटकोपरला आमच्या शेजारणीच्या दीड वर्षाच्या मुलाने मांजराच्या वाटीतले कॅटफूडचे दाणे तोंडात कोंबले. बाई काय करत होती? सोसायटीच्या ग्रुपवर सल्ले मागत होती! दाणा घशात अडकला असता, तर ग्रुप धावत येणार होता का? तिची किंकाळी ऐकून मी धावत गेले, मुलाच्या तोंडात दिसणारे दाणे काढले आणि पाणी पाजलं. श्वास नीट चालला होता.

"काकू, विषारी असेल का हो?"

"एवढ्याशाने काही होत नाही. उलट्या झाल्या किंवा पुरळ उठलं, तर डॉक्टरकडे ने."

"पण याने खाल्लंच कसं?"

"वाटी भरताना तू काय म्हणतेस?"

"'बाळा, खाऊ घे.'"

मांजराला बाळ म्हणायचं आणि पोटच्या पोराने ओ दिली की किंचाळायचं! मांजर तर फिरकलंही नव्हतं.