वाचनालयातली वाकडी लादी

आजोबांनी शहर पाहिलं होतं ते गुडघ्यांवर बसून. चाळीस वर्षं त्यांनी लाद्या बसवल्या. इतरांना इमारतींचे घुमट आठवत, आजोबांना कोपरे. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आजी-आजोबा नातीला एक दिवस शहरात आणत. आजी दुकानांच्या काचा बघे, आजोबा दुकानांच्या पायऱ्या. "खाली बघ, साहेब," ते नातीला सांगत. नऊ वर्षांची ती बाई सारख्या चौकशा करी म्हणून साहेब. "वर काय, कुणीही बघतं."

मग बँकेची फरशी, दवाखान्याची फरशी, बंद पडलेल्या नाट्यगृहाच्या व्हरांड्याची फरशी. तिथे ओल्या सिमेंटचा वास अजून येतो, असं आजोबांचं म्हणणं होतं. दुसऱ्या कुणाला तो येत नसे. फक्त जुन्या वाचनालयाकडे ही फेरी कधी वळली नव्हती. "तिथे फार गर्दी असते," आजोबा म्हणत. वाचनालयावर असा आरोप आजवर कुणी केला नसावा.

खरी गोष्ट अशी, की वाचनालयाच्या दालनात आजोबांनीच बसवलेल्या साडेतीन हजार नक्षीदार लाद्या होत्या. चार जुळल्या की एक फूल. त्यातली एक वाकडी बसली होती; तिची पाकळी फुलाकडे पाठ करून होती. हे फक्त आजोबांना ठाऊक होतं, आणि ते तसंच राहावं एवढीच त्यांची उरल्या आयुष्याकडून अपेक्षा होती.

आजीचं दुखणं वेगळं, पण तेवढंच जुनं. लेक जन्मली तेव्हा आजीचा भाऊ सायकल हाणत कामावर निरोप द्यायला गेला. परत येऊन म्हणाला, "ताई, भावोजी 'बरं' म्हणाले आणि पुढची लादी उचलली." झालं! त्या 'बरं'ला आता अडतीस वर्षं झाली होती. आजोबांनी भाजीतल्या मिठाबद्दल ब्र काढला, तरी ते बाहेर यायचं.

यंदा ऊन असं होतं की आजीच्या चपला डांबराला चिकटू लागल्या. समोर वाचनालयाचं दार उघडं होतं.

"मी आत बसणार. गर्दी असली तर उभी राहीन."

आत एक म्हातारे वाचक तोंडावर वर्तमानपत्र घेऊन गर्दी करत होते.

"साहेब, तो घुमट बघ," आजोबा घाईने म्हणाले. "वर बघ, वर!"

साहेबांना तिथेच संशय आला. त्या खाली बसल्या, आजोबांनी शिकवल्याप्रमाणे एक डोळा मिटला आणि ओळीवरून नजर फिरवत निघाल्या.

"आजोबा, ही चुकलीय!"

वाचक जागे झाले.

"असेल कुणी नवशिका," आजोबा पुटपुटले.

आजीने पर्स खाली ठेवली. "अहो, माझा भाऊ निरोप घेऊन आला होता, ते वाचनालयच ना?"

आजोबांनी दारापासून ओळी मोजल्यासारखं केलं. मोजायची गरज नव्हती. "अकरावी ओळ. तो दारातूनच ओरडला. माझ्या हातात ही होती."

"मग काढून परत का नाही बसवली?" साहेबांनी विचारलं.

"दिसली तर काढीन ना! दोन दिवस मला काही दिसतच नव्हतं. दिसली तेव्हा सिमेंट धरलं होतं."

"आणि हे अडतीस वर्षं पोटात ठेवलंत?" आजी म्हणाली. "मी उठता-बसता टोचत होते, तरी?"

"चांगल्या कारागिराची लादी चुकत नाही."

"आणि बाप वाईट निघाला तर चालतो?"

आजोबांनी प्रामाणिकपणे विचार केला. "त्यावरून कुणी काम नाकारत नाही."

चपला काढून आजी त्या लादीवर उभी राहिली. लादी गार असावी, कारण बराच वेळ ती तिथून हलली नाही. मग म्हणाली, "बरं."

तिने चपला घातल्या, पर्स उचलली आणि दाराकडे चालू लागली. डावी चप्पल उजव्या पायात होती, उजवी डाव्यात.

साहेबांनी चूक दाखवायला तोंड उघडलंच होतं. आजोबांनी नातीची हनुवटी हलकेच वर केली.

"वर बघ, साहेब. घुमट बघ."