स्वखुशीने परत

माझ्या नवऱ्याला पोहता येत नाही. तापीला पूर आला की दरवर्षी मोटरसायकल काढून प्रकाशा गावच्या पुलावर जायचं आणि पाण्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे, एवढाच त्याचा पाण्याशी संबंध. असा माणूस वयाच्या बत्तिसाव्या वर्षी रबराच्या होडीत बसून इटलीला निघाला. ही अक्कल त्याची एकट्याची नव्हती. सगळ्या घराने मिळून चालवलेली ती अक्कल होती आणि त्या घरात मीही होते.

गरिबीने गेला असं कुणाला वाटेल. गरिबी नव्हती. ब्राह्मणपुरीच्या रस्त्याला लागून आमची बागायत आहे, केळी आहे, ऊस आहे. तो गेला कारण समोरच्या घरातला मुलगा अमेरिकेला गेला होता. त्या लोकांनी फाटकाच्या दोन्ही खांबांवर सिमेंटचे सिंह बसवले. रोज सकाळी ओसरीवर सासऱ्यांची नजर त्या सिंहांवर जायची आणि त्यांना चहा गोड लागायचा नाही. नवऱ्याला खरं तर पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा नाद. जळालेली मोटार उघडून तारा गुंडाळत बसला की जेवणाची शुद्ध नसायची. पण बागायतदाराच्या पोराने हात काळे करायचे नसतात, म्हणून ते सुटलं होतं. मग माझ्या नणंदेच्या नवऱ्याने सुरतेचा एक एजंट आणला. एजंट म्हणाला, इटलीत केळीच्या कंपनीत सुपरवायझर. इटलीत केळी कुठे पिकतात, हे एकानेही विचारलं नाही. मी पुरुषोत्तमनगरकडच्या एका शाळेत भूगोल शिकवते. मीही विचारलं नाही. लग्न होऊन नाशिकहून आले त्याला सात वर्षं झाली होती, आणि स्टाफरूममध्ये ‘इटलीवाल्या मॅडम’ म्हणवून घ्यायला मला गुदगुल्या होत होत्या. दुसऱ्यांना नावं ठेवायच्या आधी हे सांगून टाकलेलं बरं.

आधी तो दुबईला गेला. तिथून आफ्रिकेच्या उत्तरेकडच्या एका देशात. त्या देशाचं नाव आमच्या घरात अजून कुणाला धड उच्चारता येत नाही, तेव्हा मीही ते लिहीत नाही. एक दिवस एजंटचा निरोप आला की माणूस समुद्रमार्गे पोहोचला. सासऱ्यांनी गावात पेढे वाटले. समोरच्या घरी जरा जास्त पाठवले. त्यानंतर नवऱ्याचा फोन नाही, आणि आठ दिवसांत एजंटचाही बंद. घरात त्यावर कुणी बोलायचं नाही. नणंदेचा नवरा म्हणायचा, तिकडे रेंज नसते. इटलीत रेंज नसते!

दीड महिन्याने मला फोन आला. मधली सुट्टी होती, मी डबा उघडत होते. पलीकडे एक बाई हिंदीत बोलत होत्या, मुंबईहून. अशा अडकलेल्या लोकांना मदत करणाऱ्या संस्थेत त्या काम करतात म्हणाल्या. त्यांनी माझं नाव विचारलं, नवऱ्याचं नाव विचारलं, आणि सगळ्यात आधी म्हणाल्या, “घबराइए मत, वो ज़िंदा हैं, ठीक हैं.”

होडीचं इंजिन दुसऱ्याच दिवशी बंद पडलं होतं. चौथ्या दिवशी एका मालवाहू जहाजाने पाहिलं आणि सगळ्यांना परत त्याच किनाऱ्यावर आणून सोडलं. तिथल्या आश्रयघरात संस्थेने त्याला कपडे दिले, डॉक्टरला दाखवलं, दोन वेळचं जेवण चालू केलं. उन्हाने आणि डिझेलने त्याच्या पायांची कातडी सोलून निघाली होती, ती भरत आली होती. त्याला परत यायचं असेल तर कागदपत्रं आणि तिकीट संस्था करणार होती.

“मग पाठवा ना,” मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, आम्ही कुणाला पाठवत नाही. ज्याला यायचंय त्याने स्वतःच्या मर्जीने सही करायची, आणि तो सही करत नाहीये. घरी तोंड दाखवायला जागा नाही म्हणतो. नंबरही वडिलांचा दिला नाही, तुमचाच दिला. मग त्यांनी विचारलं, “घर पर उनको कोई दिक्कत तो नहीं होगी?”

मी म्हटलं, घरच आहे, दिक्कत कसली. किती शहाणी होते मी!

संध्याकाळी ओसरीवर बैठक बसली. सासरे, धाकटा दीर, नणंदेचा नवरा. सासू दाराआड लसूण सोलत होती. दिराचं लग्न ठरलेलं होतं, साखरपुडा झालेला होता, आणि मुलीकडच्यांना सांगितलं होतं की मोठा भाऊ इटलीत असतो. मी सगळं सांगून झाल्यावर सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, गहिवरले असतील.

सासरे म्हणाले, “आते येवानं काय काम शे? त्याले सांग, लगीन व्हई जाऊ दे. मंग ये.”

“लग्नाला तीन महिने आहेत, आबा.”

दीर म्हणाला, “तठे फुकट खावाले भेटस ना? मंग ऱ्हाऊ द्या.”

नणंदेच्या नवऱ्याला याहून पुढचं सुचलं. तो म्हणाला, तिथेच आहे तर आणखी एकदा प्रयत्न करायला काय हरकत आहे, दुसरी होडी चांगली मिळेल. एस.टी. चुकली तर पुढची धरावी, त्या सुरात.  त्याने खिशातून सुपारी काढून तोंडात टाकली.

आतून सासूने एवढंच विचारलं, “जेवस का तो? पोटभर देतस का त्याले?” तिला उत्तर द्यायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी नवऱ्याला व्हिडिओवर आणलं. मी शाळेच्या प्रयोगशाळेत दार लावून बसले होते. दाढी वाढलेली, गालाची हाडं वर आलेली, अंगात कुणाचं तरी निळं जाकीट. बघताना मला आधी रडू आलं आणि लगेच राग आला. राग जास्त टिकला.

“सही का करत नाही?” मी विचारलं.

“मी काय तोंड दाखाडू? लोके हासतीन.”

“हसतील. मीही हसेन. या.”

त्याने जाकिटाची बाही ओढली. मग आपणहून होडीतलं सांगू लागला. तिसऱ्या दिवशी त्याने समुद्राचं पाणी प्यायलं आणि आतडी बाहेर येईपर्यंत ओकला. शेजारी एक बाई होती, लढाई चालू असलेल्या देशातून पळालेली, मांडीवर दोन वर्षांची मुलगी. त्या मुलीच्या बाटलीत तळाला पाणी होतं. बाईने बाटलीच्या झाकणात ओतून अर्धं झाकण त्याच्या तोंडाला लावलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. ती आणि मुलगी, दोघी आता त्याच आश्रयघरात होत्या.

“ती माझ्यावर हसते,” तो म्हणाला. “दुभाष्याकडून तिने विचारलं, हा सही का करत नाही? याच्या घरावर बॉम्ब पडला का? मी म्हटलं, नाही. मग नदी चढली का? नाही. मग काय झालं? तर मला सांगताच आलं नाही.”

समोरच्या फाटकावर सिंह बसलेत, हे त्या बाईला कोणत्या भाषेत सांगणार?

“तिला परत पाठवतात का?” मी विचारलं.

“तिला कुठे पाठवणार? तिला घरच नाही. तिचं दुसऱ्या कुठल्या देशात जमतं का बघताहेत.”

त्या आठवड्यात त्याने सही केली. कागदावर लिहिलं होतं की मी स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना माझ्या देशी परत जात आहे. इथून निघताना ‘स्वखुशीने जात आहे’ असा कागद कुणी पुढे केला असता तर आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून त्यावर सह्या ठोकल्या असत्या, ही गोष्ट वेगळी.

पासपोर्ट समुद्रात गेला होता. तात्पुरत्या कागदासाठी तो इथलाच आहे याची खात्री करायला पोलीस घरी येणार, असं बाईंनी कळवलं होतं. मी ते सासऱ्यांना सांगितलं होतं. हवालदार आला तो नेमका रविवारी सकाळी, आणि ओसरीवर त्या वेळी दिराच्या होणाऱ्या बायकोचा मामा मानपानाचं बोलायला येऊन बसला होता. हवालदाराने फोटो पुढे केला. आश्रयघरातला फोटो, दाढीवाला.

“हा तुमचा मुलगा ना?”

सासऱ्यांनी चष्मा लावला. फोटो जवळ धरला, लांब धरला. मामाकडे पाहिलं. मग म्हणाले, “वळखू नही येत.”

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते.  वर्गात पन्नास पोरांना गप्प करणारी मी, आणि मी पुढे होऊन मामाला चहा दिला. हवालदार म्हणाला, “नीट बघा आबा. नाही म्हणालात तर तसंच लिहून जाईल. माणूस तिकडेच राहील.” सासरे म्हणाले, “नक्की नही सांगता येत.”

सासू आतून आली. पीठ मळलेले हात तसेच. जन्मात कधी ती परक्या पुरुषासमोर ओसरीवर आली नव्हती. तिने फोटोला हात लावला नाही, नुसतं वाकून पाहिलं.

“हाऊ मन्हा पोऱ्या शे,” ती म्हणाली. “लिखी ले, भाऊ.”

हवालदाराने लिहून घेतलं आणि सही मागितली. तिला सही येत नाही. पिठाचा हात पदराला पुसून तिने अंगठा दिला. मामा आपल्या बुटांकडे बघत बसला होता. सासरे चष्मा काढून पुसू लागले, बराच वेळ पुसत राहिले. त्या दिवसापासून मी त्यांना वाढते, औषध देते, सगळं करते. आदर मात्र मागू नये.

विमान मुंबईला उतरणार होतं. सासऱ्यांनी फर्मान काढलं की त्याला परस्पर दोंडाईच्याला मावशीकडे ठेवा, लग्न होईपर्यंत. सासू आणि मी ट्रॅव्हल्सने गेलो. विमानतळावर त्या मुंबईच्या बाई आल्या होत्या. फोनवर पन्नाशीच्या वाटायच्या, निघाल्या पंचविशीच्या. नवरा एक छोटी पिशवी घेऊन बाहेर आला, आईच्या पायाशी वाकला आणि तसाच खाली बसला. सासूने त्याच्या पायातले मोजे काढून भर गर्दीत पाय तपासले. लोक वळून बघत होते. बाईंनी प्रवासखर्चाचं पाकीट दिलं, पुढे काय उद्योग करायचा ते विचार करून कळवा, मदत करू, असं सांगितलं. तो म्हणाला, “मोटार रिवाइंडिंग.” इतक्या चटकन म्हणाला की मला त्याचाही राग आला. एवढं माहीत होतं तर समुद्र कशाला बघायला गेला होतास?

दोंडाईच्याला आम्ही उतरलो नाही. सकाळी अकराला शहाद्याच्या स्टँडवर उतरलो आणि उघड्या रिक्षातून गावात आलो.

लोक हसतील ही त्याची भीती. हसलं कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसं येऊन बसू लागली. मला वाटलं, विचारपूस करायला आलीत. त्याने होडीचं सांगायचं, पाण्याचं सांगायचं, ती माणसं सत्यनारायणाची पोथी ऐकल्यासारखी माना हलवायची, आणि प्रसादाची वेळ झाल्यासारखी पुढे सरकायची.

“तुन्ही बोट खराब निंघनी. पण रस्ता तं बरा शे ना?”

“एजंटना नंबर शे का?”

मुलीकडच्यांनी लग्न मोडलं नाही. तो मामा परत आला, या खेपेला नवऱ्याला बाजूला घेऊन बसला. त्याच्याही मुलाला जायचं होतं. परत आणणारी संस्था फुकट आणते हे खरं का, हे त्याला नक्की करून घ्यायचं होतं. म्हणजे जाण्यात धोका नाही, असा त्याचा हिशोब. बुडालेल्यांना कोणती संस्था परत आणते, हे मी विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही फार वाईट बोलता.”

संस्थेने पैसे हातात दिले नाहीत. तार गुंडाळायचं यंत्र, मीटर, अवजारं घेऊन दिली आणि दुकान चालू झाल्यावर बघायला माणूस पाठवला. फाट्यावर पत्र्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात मोटारींची रांग लागते. नवऱ्याचे हात काळे असतात आणि जेवणाची शुद्ध नसते. सासरे तिथे खुर्ची टाकून बसतात. यंत्र जळगावहून आणलेलं. तरी गिऱ्हाइकाला ते त्यावर हात ठेवून सांगतात, “परदेशनं मशीन शे. पोऱ्या शिकी उना.”

नवरा मान वर करून म्हणतो, “जळगावनं शे. आणि मी बुडता बुडता वाचलो.” गिऱ्हाईक हसतं, त्याला वाटतं गंमत करतोय.

त्या झाकणभर पाण्याच्या बाईला एका थंड देशाने मुलीसह घेतलं, असं मुंबईच्या बाईंनी कळवलं. नवऱ्याने नकाशात तो देश मला दाखवायला सांगितला. मी शाळेतून नकाशा आणला, त्याने बोट ठेवलं आणि काळा डाग पडला.

मामाचा मुलगा दिवाळीनंतर गेलाच. मागच्या महिन्यात मामा दुकानावर आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत उगाच मोटारी बघत उभा राहिला, मग जवळ येऊन म्हणाला की मुलाचा फोन वीस दिवस लागत नाही, त्या संस्थेच्या बाईंचा नंबर हवा होता. “गावमा कोणले सांगू नका,” हेही म्हणाला.

मी तिथेच होते. जिभेवर पुष्कळ काही आलं होतं. नवऱ्याने हातातली तार खाली ठेवली, मामाला सासऱ्यांच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच फोन लावला. मोठ्या आवाजात, मोडक्या हिंदीत तो मामाला विचारत त्या मुलाचं नाव, वय, उंची, डाव्या हातावर गोंदलेलं काय ते सगळं सांगत राहिला. रस्त्यावर दोघं-तिघं थांबून ऐकू लागले. मामा खुणेने आवाज कमी कर म्हणत होता. नवऱ्याने तिकडे पाठ केली आणि बाईंना विचारलं, “मैडम, और क्या बताना पड़ेगा?”