हनिमून, ऊसतोड आणि जुने सिनेमे

जुने सिनेमे परत बघायला बसलं की सिनेमा राहतो बाजूला आणि किस्सेच गोळा होतात! सांगलीत माझी एकेकाळी व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. ती कधीच बंद पडली, पण गिऱ्हाईकांनी काही माझी पाठ सोडली नाही. दर रविवारी दुपारी ती विश्रामबागेत माझ्या फ्लॅटवर येतात. सुट्टीत थंड हवेच्या ठिकाणी भेटलेली हिरो-हिरॉइन, आधी भांडण, मग प्रेम, असले जुने विनोदी सिनेमे आम्ही लावतो. तुम्हाला वाटेल, या वयात माणसं निवांत बसून बघत असतील. छे! वीस मिनिटं धड बूड टेकेल असा एक माणूस आमच्यात नाही.

*

आमच्या हिचंच घ्या. हिरो खोटं बोलायला लागला की लताला बघवत नाही. ती उठून स्वयंपाकघरात जाते आणि तिथून ओरडते, "झालं का त्याचं खोटं बोलून? येऊ का?"

आता या सिनेमांतला हिरो इंटरव्हलच्या पुढेपर्यंत खोटंच बोलत असतो. मागच्या रविवारी एका सिनेमात हिचा दोन डबे चिवडा झाला!

*

आमचे कुलकर्णी सर मूळचे म्हसवडचे, कॉलेजला साताऱ्यात होते. तेव्हा गावाकडची शेवटची एसटी सिनेमा संपायच्या आधीच सुटायची. त्यामुळे सर शेवट न बघताच स्टँडकडे पळायचे. त्यातला एक सिनेमा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा पुरा बघितला. हिरॉइनने श्रीमंत मुलाला नकार देऊन हिरोच्या गळ्यात हार घातला, तसे सर ताडकन उभे राहिले.

"म्हणजे हिने ह्याच्याशी लग्न केलं?"

"मग कुणाशी करणार, सर?"

"अहो, मी कॉलेजपासून हिच्यावर राग धरून बसलोय!"

*

बापू फौजेतून सुभेदार होऊन रिटायर झाले. आता वाळव्याकडे त्यांचा ऊस आहे आणि ते सिनेमातही उसातल्यासारखीच खोट शोधत बसतात. एकदा हिरॉइन बर्फात बिनबाह्यांचा ब्लाऊज घालून गात होती.

"ह्या बर्फात? आमी तीन तीन मोजं घालायचो, तरी पाय हाय का न्हाई कळायचं न्हाई!"

त्यांच्या शेजारी त्यांची बायको, हिरावहिनी. त्या म्हणाल्या, "तुमाला कवा कुणी नाचाय लावलं?"

*

ऊस गाळायचा सिझन सुरू झाला की बापूंचा फोन हातातून सुटत नाही. कारखान्याची टोळी ऊस तोडायला कधी येईल याचा नेम नसतो आणि आपली पाळी हुकली तर उभा ऊस वाळतो. एका सिनेमात हिरो चहाच्या मळ्यात हिरॉइनसमोर तोंड शिवल्यासारखा उभा होता. आम्ही सगळे श्वास रोखून बसलेलो. तेवढ्यात बापू खणखणीत आवाजात ओरडले, "आरं, किती येळ नुसता बघत हुबा ऱ्हाणार हाईस? हो की म्होरं!"

ते फोनवर ट्रॅक्टरवाल्याला सांगत होते. पण पडद्यावर हिरो खरोखर एक पाऊल पुढे आला! सरांनी टाळ्या वाजवल्या.

*

त्या दिवशी सगळे हसले, हिरावहिनी हसल्या नाहीत. चहा घेताना त्यांनी सांगितलं, "आमचा हनिमून तोडीनंच खाल्ला, भावजी. लग्नाला सुट्टीवर आल्तं हे. महाबळेश्वरला जायाचं ठरलं आन् सकाळी टोळी दारात! पिशवी भरल्याली तशीच ऱ्हायली. लग्नाला पंचवीस वर्सं झाली तवा बी तेच."

"सिझन संपल्यावर जाऊ की," बापू म्हणाले.

"सिझन संपला की खोडवा राखा, खोडव्यामागनं मातीची भरणी! मी आता गुडघं गेल्यावर बघू व्हय महाबळेश्वर? ह्याच थंडीत जायाचं. न्हाईतर पुन्यांदा नाव काढणार न्हाई."

हे शेवटचं वाक्य त्या अगदी शांतपणे बोलल्या. खरं सांगतो, मला बापूंचा राग आला. मीच म्हणालो, "गाडी माझी. रविवारी निघू."

*

निघालो. पुढे मी आणि लता, मागे बापू आणि वहिनी. वहिनींची नवी शाल, बापू मात्र कराडपासून फोनची रेंज बघतायत. वाई मागे पडली आणि पसरणी घाटात फोन वाजलाच! शेत ज्याच्यावर सोपवलं होतं तो पुतण्या सांगत होता, टोळी शेतावर पोचली.

"वळवा गाडी," बापू म्हणाले.

"घाटात कुठं वळवू?"

"वर गेल्यावर वळवा. पुतण्याला काय कळतंय तोडीतलं?"

वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या आणि शालीचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. मला आरशात तेवढं दिसलं. लता तर रडायच्या बेतात होती.

पुन्हा पुतण्याचा फोन वाजला. या वेळी वहिनींनी तो बापूंच्या हातातून काढून घेतला आणि स्पीकर लावला.

"बापूंना द्या की, काकी. टोळी खोळंबलीया."

"बापू न्हाईत. हनिमूनला गेल्यात."

पलीकडे ट्रॅक्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग तो बिचारा दबक्या आवाजात म्हणाला, "कुणासंगं, काकी?"

बापूंनी एकदा वहिनींकडे बघितलं, फोनवर वाकले आणि परेड ग्राउंडवरच्या आवाजात ओरडले, "हिच्यासंगंच की रं!"